चौकरचना आणि सायकलस्वार

चौक, फाटे आणि सिग्नल आखताना सायकलस्वाराचा वेग, जागेवरून निघायला त्याला लागणारा वेळ आणि मोटारचालकाला तो कुठे दिसेल, या तीन गोष्टी हिशेबात धरणे, हा सायकलस्वारांसाठीच्या चौकरचनेचा गाभा आहे. सायकल मार्ग म्हटले की रंगवलेली पट्टी डोळ्यांपुढे येते. खरा धोका मात्र सरळ रस्त्यापेक्षा जिथे दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथे जास्त असतो. इंडियन रोड्स काँग्रेसची सायकल मार्गांविषयीची संहिता 1962 साली निघाली व 2015 साली सुधारली गेली. सिग्नलविषयीची संहिता 1985 ची आहे.

सिग्नलमधली चूक बहुधा सेकंदांची असते. पिवळा दिवा साधारण 3 सेकंदांचा, आणि तो मोटारीच्या वेगावरून ठरवलेला. ताशी 15 किलोमीटरने जाणारा सायकलस्वार सेकंदाला जेमतेम 4 मीटर कापतो. हिरव्याच्या अखेरच्या क्षणी तो 30 मीटर रुंदीच्या चौकात शिरला, तर पलीकडे पोचायला त्याला 7 सेकंद हवेत. पिवळ्याचे 3 गेले की उरलेले 4 सेकंद चारही बाजूंना लाल असला पाहिजे. तो दोनच सेकंद ठेवला, तर आडव्या रस्त्याची वाहने सुटतात तेव्हा सायकल चौकाच्या आतच असते, आणि दोष मात्र 'सिग्नल तोडला' म्हणून स्वाराच्या माथी येतो.

दुसरा प्रश्न थांबण्याच्या जागेचा. मोटारींच्या थांबारेषेपुढे सायकलींसाठी वेगळा चौकोन आखला आणि त्यांना काही सेकंद आधी हिरवा दिला, की डावीकडे वळणाऱ्या ट्रकचालकाला त्या समोर दिसतात. लांब वाहन वळताना त्याची मागची चाके आतला कोपरा कापत जातात, आणि सायकलस्वार उभा असतो तो नेमका त्याच कोपऱ्यात. आपल्याकडचा 'फ्री लेफ्ट', म्हणजे लाल दिव्यातही डावीकडे वळण्याची मुभा, त्या दृष्टीने घातकच म्हणावा लागेल. नेदरलँड्समध्ये कोपऱ्यावर उंचवटा बांधून वळण आवळतात. त्यामुळे मोटारीला हळू व्हावेच लागते. कोपनहेगनच्या नोरेब्रोगाडे रस्त्यावर ताशी 20 किलोमीटरने जाणाऱ्याला एकामागून एक हिरवे दिवे मिळतील, असे सिग्नल जुळवले आहेत. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याने 2017 साली सर्वंकष सायकल आराखडा केला. तिथले अनेक सायकल मार्ग मात्र चौकाच्या अलीकडेच संपतात. म्हणजे गरज सुरू होते तिथेच सोय संपते.

खेड्यातल्या फाट्यावर सिग्नल क्वचितच असतो. तिथे सारी भिस्त रस्त्याच्या घडणीवर. इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे हे बारामती-इंदापूर रस्त्यावरचे, संत तुकाराम महाराज पालखीच्या वाटेवरचे गाव. याच वाटेवर पाटस ते तोंडले-बोंडले या सुमारे 130 किलोमीटरच्या पालखी महामार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाली. हा पट्टा उसाचा. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे जातात, आणि त्याच रस्त्यावर शाळेची पोरे व कॅन अडकवलेले दूधवाले सायकलीवर असतात.

चौपदरी रस्त्याची एक बाजू ओलांडायला, थांबलेल्या अवस्थेतून, सायकलला साधारण 5 सेकंद लागतात. ताशी 80 किलोमीटरने येणारी मोटार तेवढ्यात 110 मीटर अंतर तोडते. मध्ये दुभाजकात टेकायला जागा असेल तर एका वेळी एका बाजूची एवढीच फट शोधायची. नसेल तर दोन्ही बाजू एकदमच मोकळ्या सापडायला हव्यात. सायकलची लांबी 1.8 मीटरच्या आसपास, तेव्हा दुभाजकातली ही जागा 2 मीटरपेक्षा कमी असून चालत नाही. नाहीतर मागचे चाक रस्त्यावरच राहते. दुभाजकातले पंक्चर, म्हणजे पलीकडे जायची मोकळी जागा, फार लांब ठेवले, तर माणूस वळसा न घेता राँग साईडने येतो. त्याला बेशिस्त म्हणण्याआधी त्याचा वळसा मोजावा. उंचावलेले क्रॉसिंग, फाट्यावर पुरेसा उजेड आणि कोपऱ्यावर दृष्टी अडवणाऱ्या टपऱ्या-फलकांना मज्जाव हे उपाय सिग्नलपेक्षा स्वस्त आहेत, आणि वीज गेली तरी (उजेड सोडून) चालू राहतात.

या महामार्गाच्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी दोन्ही कडांना स्वतंत्र पायवाट धरलेली आहे. पालखी एखाद्या गावातून जाते ती वर्षातून एकदा. उरलेले दिवस ही वाट सायकलींना सहज देता येईल. त्यासाठी प्रत्येक फाट्यावर ती पायरी किंवा खांब आडवे न घालता, त्याच पातळीत पलीकडे न्यावी लागेल.