टेनिसची सर्व्हिस आणि आमची वांगणी



वांगणी म्हटलं की लोकांच्या मनात दोनच गोष्टी येतात. मुंबईकडच्यांना वाटतं, मी बदलापूरच्या पुढच्या, लोकलवाल्या वांगणीत राहतो. ती वेगळी. आणि ज्यांना आमची, जव्हार-मोखाड्याकडची वांगणी ठाऊक आहे त्यांना ती 'वावर-वांगणी' म्हणून ठाऊक असते, १९९२-९३ सालच्या बालमृत्यूंमुळे. नाव सांगितलं की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो. तेव्हा इथे बसून एक म्हातारा मास्तर टेनिसच्या सर्व्हिसवर लिहितोय म्हटल्यावर काही जण हसतील. खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

निमित्त आमच्या नाशिकच्या नातीचं. वर्षभर टेनिस शिकते आहे. बाकीचे फटके बरे बसतात, पण सर्व्हिस एक तर जाळ्यात, नाहीतर रेषेबाहेर. डबल फॉल्टवर डबल फॉल्ट. परवा फोनवर म्हणाली, "आजोबा, सगळे सांगतात नेम धर, नेम धर. म्हणजे नक्की काय धरू?" प्रश्न मोठा मार्मिक आहे. मी टेनिस कधी खेळलो नाही. नाशिकला बी.ए. करत असताना एका कोर्टाच्या कुंपणाबाहेर उभा राहून पाहिलं, तेवढंच. पण इतिहासाच्या मास्तराला काही विचारलं की तो थेट मुळाशी जातो. खोड आहे, काय करणार!

तर मुळाशी गेलं की गंमत दिसते. 'सर्व्हिस' म्हणजे सेवा. जुन्या राजवाडी टेनिसमध्ये पहिला चेंडू नोकराने खेळात टाकून द्यायचा, खरा खेळ मालकाने खेळायचा, त्यावरून हे नाव पडलं असं सांगितलं जातं. खरं असो वा नसो, त्या चेंडूचा हेतू मारण्याचा नव्हता, खेळ सुरू करून देण्याचा होता एवढं निश्चित. आमच्या विटी-दांडूत पहिल्यांदा विटी कोलतात ना, तसं.

हिरवळीवरचं टेनिस आलं १८७४ साली. मेजर विंगफील्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने पेटंट घेतलं. त्याचं कोर्ट मधोमध निमुळतं, वाळूच्या घड्याळासारखं होतं. तीन वर्षांनी, १८७७ला, पहिलं विम्बल्डन झालं तेव्हा मात्र कोर्ट सरळ आयताकृती झालं, ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद. एकेरीचं माप आजही तेच आहे. स्पेन्सर गोर जिंकला. पण मला त्या स्पर्धेतला आवडलेला माणूस खेळाडू नाहीच. तो पंच होता, हेन्री जोन्स. पेशाने डॉक्टर, पत्त्यांतल्या व्हिस्टवर 'कॅव्हेंडिश' या टोपणनावाने पुस्तकं लिहिणारा. स्पर्धा संपल्यावर हा गृहस्थ गुणपत्रिका घेऊन बसला आणि त्याने मोजणी केली. एकूण ६०१ गेम झाले. त्यांतले ३७६ सर्व्हिस करणाऱ्याने जिंकले, २२५ समोरच्याने. म्हणजे शंभरातले बासष्टाहून जास्त. आणि त्या काळी सर्व्हिस होती कशी? हात खांद्याइतका वर, नाहीतर त्याहूनही खाली. डोक्यावरून मारणं अजून रूढच नव्हतं! तरीही एवढा फायदा होता.

मग त्यांनी काय केलं? सर्व्हिस करणाऱ्याच्या हाताला काही केलं नाही. चौकोन लहान केला. जाळ्यापासून २६ फुटांवर असलेली सर्व्हिसची रेषा १८७८ला २२ फुटांवर आणली आणि १८८०ला २१ फुटांवर. ती अजून तिथेच आहे. जाळंही मधोमध तीन फुटांवर आणलं. माझ्या मते टेनिसमधल्या नेमाचा जन्म इथे झाला. २६ फुटांचा चौकोन असता तर जोर पुरला असता. २१ फुटांच्या चौकोनात जोराला दिशा लावावी लागली. १८७८च्याच विम्बल्डनमध्ये ए. टी. मायर्स नावाच्या खेळाडूने डोक्यावरून सर्व्हिस केल्याची नोंद आहे. पुढच्या काही वर्षांत सगळे तशीच करू लागले. हात वर का गेला, हे थोड्या गणिताने कळतं. कागद-पेन्सिल घ्या बरं.

सर्व्हिस करणारा जाळ्यापासून ३९ फुटांवर उभा. पलीकडे चौकोन २१ फुटांवर संपतो. एकूण ६० फूट. जाळं तीन फूट उंच. आता चौकोनाच्या टोकापासून जाळ्याच्या वरच्या कडेला लावून एक सरळ दोरी ताणा आणि ती मारणाऱ्यापर्यंत न्या. समरूप त्रिकोण, आठवीचा धडा! दोरी ८ फूट ७ इंचांवर येते. म्हणजे चेंडू सरळ रेषेत खाली मारून चौकोनात पाडायचा तर तो निदान तेवढ्या उंचीवर मारायला हवा. माणूस रॅकेटसकट साधारण आपल्या उंचीच्या दीडपट वर चेंडू गाठतो. हिशेब करा, पाच फूट नऊ इंच उंचीचा माणूस जेमतेम पोचला. त्याहून बुटक्या माणसाला चौकोनात सरळ जाणारी वाटच नाही. आणि माझी नात तर अजून पाच फुटांचीही नाही!

मग बुटक्या माणसांनी सर्व्हिस करायचीच नाही का? तर नाही. पृथ्वी मदतीला असते. चेंडू खाली खेचला जातोच, त्यामुळे तो सरळ खाली न मारता किंचित वर मारायचा आणि पडू द्यायचा. शिवाय फिरकी. चेंडूला पुढच्या बाजूने गिरकी दिली की तो हवेत लवकर खाली वळतो. ही गोष्ट तिरप्या रॅकेटने मारलेल्या टेनिसच्या चेंडूत कुणी पाहून ठेवली होती, माहीत आहे? न्यूटनने! १६७२ सालच्या, प्रकाशावरच्या त्याच्या प्रसिद्ध पत्रात वळणाऱ्या टेनिस चेंडूचा दाखला आहे. आणि लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने टेनिस चेंडूच्या वाकड्या चालीवर निबंध लिहिला तो नेमका १८७७ साली, पहिल्या विम्बल्डनच्या वर्षी. नातीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे खाली मारायचं नाही?" नाही गं बाळा, वर मारायचं. घाबरून खाली मारतेस म्हणून जाळ्यात जातो. चौकोनाकडे बघूच नकोस. जाळ्याच्या वर दोन-तीन फुटांवर हवेत एक खिडकी आहे असं समज आणि तिच्यातून चेंडू घाल.

आडव्या दिशेचंही असंच आहे. मधल्या खुणेपाशी उभं राहिलं तर चौकोनाच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत सगळा मिळून सुमारे तेरा अंशांचा कोन असतो. एक अंश चुकला की साठ फुटांवर चेंडू एक फूट सरकतो. त्यामुळे डावा हात जास्त महत्त्वाचा, असं मला वाटतं. चेंडू हवेत सोडणारा हात! तो दर वेळी वेगळीकडे उडाला तर उजव्या हाताने कितीही रियाज केला तरी व्यर्थ. चेंडू थोडा पुढे, हात पूर्ण ताणला जाईल इतका वर, आणि मारून होईपर्यंत नजर वर. दिशा बदलायची ती मनगट आणि बाहू किती वळला यावर, चेंडू वेगळा उडवून नव्हे. नाहीतर समोरच्याला आधीच कळतं.

आता आपल्या माणसांकडे येऊ. पुण्यात डेक्कन जिमखाना १९०६ सालचा, तिथलं टेनिस सगळ्यांना माहीत आहे. पण मला कौतुक वाटतं ते पंडिता क्षमाबाई राव यांचं. १८९० साली पुण्यात जन्म, वेदांचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या. त्यांनी संस्कृतात 'सत्याग्रहगीता' लिहिली आणि त्या टेनिसही उत्तम खेळत! त्यांची मुलगी लीला राव ही विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री, साल १९३४. आईच्या एका हातात लेखणी आणि दुसऱ्यात रॅकेट असली की मुलीला कुंपणाबाहेर उभं राहावं लागत नाही.

सांगलीचे नंदू नाटेकर तुम्हाला बॅडमिंटनमुळे माहीत असतील. पण ते आधी टेनिस खेळत. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली क्वालालंपूरला जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस खालूनच करायची, म्हणजे ती अजून 'सेवा'च राहिली आहे! आणि ज्याच्याकडून ते हरले तो कृष्णन १९६० आणि १९६१ला विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेला तो काही तोफखान्याच्या जोरावर नव्हे. त्याची सर्व्हिस जोरकस म्हणून कधीच ओळखली गेली नाही. चेंडू हवा तिथे ठेवणं हीच त्याची ताकद. नाटेकरांचा मुलगा गौरव मात्र टेनिसमध्येच गेला आणि १९९४च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण घेऊन आला. असो, घराण्यांची गोष्ट निघाली की मी वाहवत जातो.

प्रार्थना ठोंबरे बार्शीची. पुणे-मुंबई नव्हे, बार्शी. २०१४च्या इंचेऑन एशियाडमध्ये सानिया मिर्झाबरोबर कांस्य, २०१६ला रिओ ऑलिंपिक. तालुक्याच्या गावातून हे होतं. पण बार्शी आणि वांगणीत अंतर आहे, आणि ते मैलांचं नाही.

खरं सांगायचं तर सर्व्हिस म्हणजे फेक आहे. शरीर मागे वळतं, कोपर वर येतं, हात चाबकासारखा सुटतो. रॅकेट धरायची पकडसुद्धा, मला समजलं त्याप्रमाणे, आपण कोयता धरतो तशी, धार चेंडूकडे करून, आणि मारताना शेवटच्या क्षणी हात वळवायचा. आता वारली, कोकणा, ठाकर, कातकरी मुलांना कोयता कसा धरायचा हे कुणी शिकवायला हवं का? नाचणी-वरईच्या कोवळ्या दाण्यावर पाखरं उतरली की माळ्यावरून गोफण फिरवणारी, लगोरीच्या चिपा एका चेंडूत पाडणारी पोरं मी जन्मभर वर्गात बसवून सनावळ्या पाठ करून घेतली. फेक आधीच तयार आहे. नाही तो चौकोन.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गावाबाहेरच्या सपाट पडीक जागेवर दोरीने ६० फूट मोजले, फक्कीने साडेतेरा बाय एकवीसचा चौकोन आखला, दोन मेढींना तीन फुटांवर सुंभ बांधला. चेंडूंची अडचण नाही. क्रिकेटमुळे टेनिसचा चेंडू आमच्या पाड्यापाड्यावर आहे, त्याला टेनिसचं नाव का आहे हे मात्र कुणाला ठाऊक नसतं! प्रत्येकाने रेषेमागून सुंभावरून दहा चेंडू फेकायचे. जोन्ससाहेबासारखी मी वही घेऊन बसलो. पहिल्या दिवशी सगळ्यांनी जोर काढला आणि चेंडू करवंदीच्या जाळीत. तिसऱ्या दिवशी चौकोनाच्या चारी कोपऱ्यांत पळसाची पानं ठेवली आणि पान सांगून फेकायला लावलं. मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. सातवीतली एक मुलगी, वर्गात तोंडातून अक्षर काढत नाही, ती आपणहून पान सांगू लागली. बाहेरचं पान, आतलं पान. आणि पाडू लागली.

हातात रॅकेट आली की गोष्ट बदलेल, हे मला कळतं. हात २७ इंचांनी लांब होतो आणि चेंडू उडवायचं नवं काम डाव्या हाताला येतं. महिनाभर सगळे चेंडू करवंदीतच जातील कदाचित. उंचीही आमच्याकडे फार नाही, आणि ती का नाही हे वर १९९२-९३ म्हटलं त्यात आलंच. पण मी आशेने एक नाव धरून ठेवलं आहे, इव्हॉन गुलागाँग. माझ्याच वयाची, १९५१चा जन्म. ऑस्ट्रेलियातल्या बॅरेलन नावाच्या लहानशा गावातली आदिवासी मुलगी. गावातल्या कोर्टाच्या कुंपणातून टक लावून बघत होती, कुणीतरी आत बोलावलं. १९७१ला विम्बल्डन जिंकलं, पुन्हा १९८०ला आई झाल्यावर जिंकलं. बरोबर ५० वर्षांनी, २०२१ला, तिच्याच वाटेने आलेल्या, ऑस्ट्रेलियातल्याच मूलनिवासी वंशाच्या ॲश्ले बार्टीने विम्बल्डन जिंकलं. बार्टीची उंची पाच फूट पाच इंच. आपल्या हिशेबाने दीडपट केली तर आठ फूट दीड इंच. सरळ दोरी तिच्या आवाक्याच्याही साधारण साडेपाच इंच वरून जाते. तरी तिची सर्व्हिस तिच्या ठेवणीतल्या अस्त्रांपैकी एक होती.

तर आता तुमचं काम. पुण्याच्या, ठाण्याच्या, नाशिकच्या मंडळींच्या माळ्यावर मुलांच्या जुन्या रॅकेट पडून असतील. तारा तुटलेल्या असल्या तरी चालतील, नाशिकला बसवून घेऊ. मूठ झिजली असली तरी हरकत नाही. लहान मुलांच्या, २५-२६ इंची मिळाल्या तर फारच बरं. जव्हारकडे येणाऱ्या कुणाच्याही हाती पाठवा आणि आधी मला कळवा, म्हणजे मी एस.टी.च्या थांब्यावर येऊन घेईन. बॅगा नकोत. गेल्या वेळी कपडे मागितले तर तुम्ही सुटकेसच पाठवल्या होत्या!