शून्याचा धनी

फुटबॉल हा आमच्या करकंबच्या अंगणातला खेळ नव्हे. सोलापूर जिल्ह्याची मुले खो-खोत अधिक रमतात. त्या खेळाची एक रीत विचार करण्याजोगी आहे. पळतीचा गडी बाद न होता किती मिनिटे टिकला, हे घड्याळ लावून लिहिले जाते. बचाव करणाऱ्याच्या श्रमास तेथे कागदावर जागा आहे. फुटबॉलच्या इतिहासात मात्र गोल करणाऱ्याचेच नाव उरते. ह्या उणिवेचा विचार करू लागताच आम्हांस गोमंतकाचा महेश गवळी आठवतो.

1980 साली जन्मलेला हा गडी जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तयार झाला आणि 1999 साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, भारताच्या बचावफळीत उभा राहिला. धंदेवाईक खेळाडूस पोटासाठी मुलूख पालथा घालावा लागतो. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स, कोलकात्याचा ईस्ट बंगाल, मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि पुन्हा गोव्याचा डेम्पो, असा त्याचा प्रवास झाला. 2003 साली ईस्ट बंगालने जाकार्ता येथे आसियान चषक जिंकला, तेव्हा तो त्या संघात होता. महिंद्राचा संघ तर पुढे 2010 साली बंदच पडला.

2007 च्या नेहरू चषकाचा निकाल पाहावा. भारताने सीरियास 1-0 असे हरविले. त्या एकाचा धनी एन. पी. प्रदीप, हे सर्वांस ठाऊक आहे. पण शून्याचा धनी कोण? त्या संघाच्या बचावात गवळी होता, एवढेच फार तर कोणी सांगेल. उलट 2011 च्या आशियाई चषकात भारतावर तीन सामन्यांत 13 गोल झाले, ते मात्र आकड्यांनिशी लिहिले गेले. म्हणजे बचावाचे अपयश तेवढे नोंदले जाते. यशाची नोंद कोठेच नाही.

गवळीचे शिक्षण वाया गेले नाही. 2023 च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षकावर बंदी आली असता उपांत्य व अंतिम सामन्यांत संघाची सूत्रे त्याच्याकडे होती. लेबाननशी उपांत्य सामना 0-0 राहिला, पेनल्टींवर भारत जिंकला आणि पुढे चषकही मिळाला.

इतिहास म्हणजे केवळ घडलेल्या गोष्टींची यादी नव्हे. कोणी तरी घडू दिले नाही, असे पुष्कळ असते. खो-खोच्या गुणलेखकास हे कळले. आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांनीही ते शिकावे.