आखाजीची उचल

बाकी देश दिवाळीला पत्ते पिसतो, आम्ही खान्देशी आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. घरात पितरांची घागर भरलेली, तिच्यावर डांगर नि सांजोरी. माहेरवाशिणी निंबाच्या झोक्यावर. आणि पुरणपोळी-आमरस चापून पुरुषमंडळी पारावर, झन्नामन्ना खेळायला. पत्ता कापायचा, मग एक आत, एक बाहेर टाकत जायचं. जोडीचा पत्ता उतरेल ती बाजू जिंकली. डोकं लागतच नाही, त्यामुळे आम्ही पोरंही कडेला चिंचोके लावून बसायचो. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा होताच, पण आमच्या गावात त्या दिवशी तोही जेवून आडवा झालेला असे.

पैसा कुठला, ते सांगतो. माझे वडील तापीकाठी सालदार. सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी. त्या दिवशी जुना हिशेब मिटे, नवं साल ठरे आणि उचल हातात पडे. एवढ्या नोटा त्याला वर्षातून एकदाच दिसत. डावावर लागे ती ही उचल, म्हणजे अजून न केलेली नांगरट, न झालेली निंदणी, रात्रीबेरात्री द्यायचं पाणी. लाखांचे डाव मी पुढे पुष्कळ ऐकले. याहून मोठा ऐकला नाही. नाल काढणारा, म्हणजे डावातून आपला वाटा घेणारा, मात्र कधी हरल्याचं आठवत नाही.

मग आकडा आला. मूळ त्याचं कापसात. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे उघडते-मिटते भाव तारेनं मुंबईत येत, त्यावर लोक पैसे लावत. १९६१ त ते भाव थांबले, तर १९६२ त कल्याणजी भगत आणि १९६४ त रतन खत्री यांनी मटका चालवला. ओपन-क्लोजच्या चिठ्ठ्या जळगाव-धुळ्याच्या टपऱ्यांवर पोचल्या नि रोजच आखाजी झाली. पारावर निदान आपला पैसा कोणाच्या धोतराच्या सोग्यात गेला ते दिसायचं.

एका आखाजीला वडिलांची अख्खी उचल दिवेलागणीच्या आत गेली. बातमी झोक्यापर्यंत आली. आई उतरली नाही. उलट तिनं झोका आणखी चढवला. पहाटे मी उठलो तर वडील घरात नव्हते. मालकाच्या गोठ्यात बैलांना कडबा टाकत होते. साल सुरू झालं होतं.