दूरशिक्षणातील तंत्रज्ञान आणि प्राध्यापकांची सज्जता

शिक्षक व विद्यार्थी एका छताखाली नसताना चालणारे अध्यापन म्हणजे दूरशिक्षण. वसई तालुक्यातील नंदाखालसारख्या गावातून विरारला लोकल गाठून दिवसभर मुंबईत नोकरी करणाऱ्यांना पदवीसाठी हाच मार्ग सोयीचा ठरतो. पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात मोडतो. या विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण देण्यास १९७१ मध्ये प्रारंभ केला. पुढे १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू.

टपालानंतर ध्वनिफिती, दूरदर्शन, संगणक अशी साधने बदलत गेली. २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला देशातील पहिला उपग्रह अवकाशात गेला. २०१० मध्ये त्याची सेवा संपली. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाले. चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा हे त्यातील अभ्यासक्रमाचे चार भाग आहेत.

साधन हाताळता येणे म्हणजे सज्जता, असा समज सर्रास आढळतो. तो अपुरा आहे. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार विषय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान या तिन्हींच्या ज्ञानाची सांगड घालता येणे महत्त्वाचे असते. वर्गात विद्यार्थ्याचा चेहरा पाहून प्राध्यापक उदाहरण बदलतो. दूरशिक्षणात ती संधी नसते. त्यामुळे शंका कोठे निर्माण होईल, याचा अंदाज पाठ तयार करतानाच बांधावा लागतो. तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे ध्वनिचित्रमुद्रित केल्याने हे साधत नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीत पूर्वतयारीविना ऑनलाइन वर्ग घ्यावे लागले, तेव्हा हा फरक ठळकपणे समोर आला.

प्राध्यापकांच्या ऑनलाइन उजळणीसाठी २०१८ मध्ये ‘अर्पित’ उपक्रम सुरू झाला. २०२३ पासून ‘मालवीय मिशन’ केंद्रांमधून प्रशिक्षण दिले जाते. तथापि, पाठलेखन, ध्वनिचित्रमुद्रण आणि शंकानिरसन यांना लागणारा वेळ अध्यापनाच्या कार्यभारात मोजला गेला नाही, तर शिकलेले तंत्र प्रशिक्षणवर्गापुरतेच उरते. त्याची झळ बसते ती, परतीच्या लोकलमध्ये पाठ उघडणाऱ्या आणि शेजारी विचारायला कोणी नसलेल्या विद्यार्थ्याला.