शिंक्यावरची औषधे



परसात औषधी झाड लावणे सोपे आहे. तुळस कुंडीतही येते, अडुळशाची फांदी खोचली की तिला मूळ धरते, पातीच्या चहाचे एक बेट लावले की वर्षभर पुरते. अवघड आहे ते पुढचे. पान तोडायचे केव्हा, वाळवायचे कसे आणि चार महिन्यांनीही उपयोगी पडेल असे ठेवायचे कुठे? या तीन प्रश्नांना मोठा इतिहास आहे. राजेरजवाड्यांच्या बखरीत तो सापडत नाही, म्हणून आज मुद्दाम सांगावासा वाटतो.

चरकसंहितेतला कल्पस्थान हा भाग सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी दृढबल नावाच्या वैद्याने पुरा केला. त्यात औषधे गोळा करण्याचे वेळापत्रकच दिले आहे. कोवळ्या फांद्या आणि पाने वर्षा व वसंत ऋतूंत घ्यावी. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात. साल, कंद आणि चीक शरदात. लाकडाचा गाभा हेमंतात. फुले-फळे ज्याच्या त्याच्या हंगामात. म्हणजे झाडाचा जोम ज्या वेळी ज्या भागात असेल, त्या वेळी तो भाग घ्यायचा.

पुढे साठवणीचा नियम येतो. औषध चांगल्या भांड्यात नीट झाकावे. आग, पाणी, दमटपणा, धूर, धूळ, उंदीर आणि जनावरे यांचा उपद्रव होणार नाही अशा घरात शिंक्यावर टांगून ठेवावे. ग्रंथातला शब्द आहे 'शिक्य'. आजीच्या स्वयंपाकघरात दूध-लोणी मांजरापासून वाचवणारे शिंके ते हेच, बरं का! वैद्याची युक्ती स्वयंपाकघरात आली, की स्वयंपाकघरातली वैद्याने उचलली, हे कोण सांगणार? दोन्हीकडे ती टिकली, एवढे खरे.

आता हे वेळापत्रक आपल्या गावाला लावून पाहू. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यातले पाम घ्या. दृढबल होता उत्तरेकडचा. त्याला कोकणचा पाऊस कुठला माहीत! इथे आषाढ-श्रावणात पाने वाळत घातली, तर ती वाळण्याआधी त्यांना बुरशी धरते. म्हणून पावसाळ्यात पान ओलेच वापरावे, आणि साठवणीसाठी तोडावे ते दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर. नियम मोडला असे यात नाही. तो आपल्या हवेप्रमाणे वळवून घेतला.

दुसरा ग्रंथ शार्ङ्गधराचा, तेराव्या-चौदाव्या शतकातला. औषध किती दिवस टिकते, हे त्यात सांगितले आहे. चूर्णाचा गुण दोन महिन्यांनी कमी होतो. गोळ्या आणि अवलेह वर्षभर टिकतात. आता आपल्या घरातली बाळगुटी आठवा. वेखंड, हळकुंड, सुंठ, हिरडा, जायफळ हे सारे डब्यात अख्खे असे. लागेल तेव्हा सहाणेवर दोन वेढे उगाळले, की तुकडा परत डब्यात. कुटून ठेवलेल्या पुडीला हवा लागते आणि वास उडतो. अख्ख्या तुकड्याचे तसे होत नाही. ज्या बायकांनी शार्ङ्गधराचे नावही ऐकले नव्हते, त्यांनी त्याचा नियम रोज पाळला. आज मात्र पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असे डॉक्टर सांगतात, आणि ते मानावे. गुटीतून शिकायची ती साठवणीची रीत.

या जाणत्या हातांची नोंद इतिहासात क्वचितच होते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला. इथल्या वैद्यांना आणि हकिमांना विचारून त्याने औषधींवर ग्रंथ लिहिला आणि तो 1563 साली गोव्यातच छापला. ग्रंथ संवादरूप आहे. त्यात बोलतात दोन विद्वान. पण मधूनच अंतोनिया या घरातल्या दासीला हाक मारली जाते आणि ती जिन्नस आणून दाखवते. युरोपभर कीर्ती झाली ओर्ताची. अंतोनियाला काय काय ठाऊक होते, ते कुणी विचारून ठेवले नाही.

आपल्याही घरी तेच होऊ नये. रीत साधी आहे. सकाळी दव सुकल्यावर, तुळशीला मंजिऱ्या भरण्याआधी, निरोगी पाने तोडावी. कापडावर विरळ पसरून सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. कडक उन्हात त्यांचे सुगंधी तेल उडून जाते. हळदीचे मात्र निराळे: पाला पिवळा पडून सुकल्यावर कंद खणावे, उकडावे आणि खुशाल उन्हात वाळवावे. चिमटीत पान चुरले की ते वाळले असे समजावे आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावे. ज्या झाडाची ओळख पक्की नाही, ते औषध म्हणून घेऊच नये. कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेलेही घेऊ नये.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. तिथून निघणाऱ्या औषधावर नाव, तारीख आणि मुदत लिहिलेली असते. आपल्या बरणीवर काहीच नसते; ते सारे आजीच्या डोक्यात असते, आणि आजीबरोबर जाते.

शिक्षक बंधू-भगिनींनो, एवढे करा. प्रत्येक मुलाला घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून एका झाडाची माहिती आणायला सांगा: गावातले नाव, कोणता भाग, कोणत्या महिन्यात काढतात, कसा वाळवतात, किती दिवस ठेवतात. खाली सांगणारीचे नाव लिहायला विसरू नका. वर्षाअखेरीस वही भरेल, आणि ती तुमच्या गावाच्या इतिहासाचे एक साधन होईल.