शेंदरी बोंडअळी : कपाशीच्या एका जुन्या सोबतिणीची हकीकत



"साहेब, आमच्या तरुणपणी ही अळी नव्हती. ही बीटीच्या बियाण्यातूनच आली असंल," असे दर हंगामात कोणत्या ना कोणत्या गावी ऐकायला मिळते. म्हणणारा खोटे बोलत नाही. ज्याने 2003-04 च्या सुमारास शेती हाती घेतली, त्याने पुढची दहा-बारा वर्षे बोंड फोडले तर आत पांढरीशुभ्र सरकी पाहिली. मग एका वर्षी बोंडात गुलाबी अळी दिसली, तेव्हा ती बियाण्यातून आली असे वाटणे साहजिक आहे. पण मंडळी, ही अळी तुमच्या-माझ्या आजोबांच्या आजोबांनाही सामोरी गेलेली आहे. आज तिचीच हकीकत सांगतो. हकीकत जुनी असली तरी तिचा संबंध येत्या जानेवारीत तुमच्या रानात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाटीशी आहे.

या अळीची कागदोपत्री पहिली नोंद आपल्या शेजारचीच, भडोचची. 1840 साली ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून कापसाचे जाणकार मळेवाले हिंदुस्थानात आणले. इंग्लंडच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता, आणि आपला देशी कापूस आखूड धाग्याचा. भडोचकडे सरकारी देखरेखीखाली कपाशीचे प्रयोग सुरू झाले. तिथल्या अधिकाऱ्याने बोंडे पोखरणारा एक किडा विलायतेला पाठवला, आणि सॉन्डर्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने 1843 साली त्याचे वर्णन छापून त्याला शास्त्रीय नाव दिले. म्हणजे ज्या वर्षी तिला नाव मिळाले, तेव्हा आपल्याकडे आगगाडीसुद्धा नव्हती.

आता ही अळी कपाशीवर नांदते कशी, ते आधी नीट बघू. ते कळले की पुढचा इतिहास आपोआप उलगडतो.

किडींमध्ये दोन जाती समजा. काही किडी चार घरी जेवणाऱ्या. आपली हिरवी बोंडअळी, जिला हरभऱ्यावर आपण घाटेअळी म्हणतो, ती तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते आणि कपाशीही खाते. शेंदरी अळी तशी नाही. तिचे ताट एकच, कपाशीचे. कपाशीच्या भाऊबंदांपैकी भेंडी, अंबाडी यांवर ती क्वचित भागवते, पण तिचा संसार खरा कपाशीवरच. एकाच झाडावर पिढ्यान्‌पिढ्या काढल्यामुळे त्या झाडाची प्रत्येक खोड तिला ठाऊक झालेली आहे. कपाशीच्या सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. झाडाने ते आपल्या रक्षणासाठीच ठेवलेले आहे; कोंबड्यांना सरकी जास्त झाली तर बाधते ती त्यामुळेच. ही अळी मात्र नेमकी त्याच सरकीवर पोसते.

तिचे दुसरे कसब लपण्याचे. मादी पतंग पाते, फुले आणि कोवळी बोंडे यांवर एकेक किंवा थोडी थोडी अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी उघड्यावर रेंगाळत नाही, काही तासांत आत शिरते. फुलात असली तर पाकळ्या आतून जाळ्याने बांधून घेते. फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहते. तीच आपली डोमकळी. बोंडात शिरली तर शिरताना केलेले बारीक छिद्र भरून येते आणि बोंड बाहेरून हिरवेगार, ठणठणीत दिसते. तुम्ही पाठीवर पंप घेऊन फवारा मारता, तेव्हा ती आत सरकी खात बसलेली असते. औषध बोंडाच्या सालीवर आणि ती सालीच्या आत! "औषध बदलून द्या" म्हणून दुकानात जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरे कसब सर्वांत मोठे. दिवाळीनंतर दिवस लहान होतात, थंडी पडते, नवी बोंडे कमी होतात. झाड थकत आले हे या अळीला कळते. मग पूर्ण वाढलेली अळी कोषात न जाता दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधल्या पोकळीत झोपी जाते. वेचणीला बसलेल्या बायाबापड्यांना या जोडसरक्या हाताला लागतात. ही झोप उन्हाळाभर चालते. अशी अळी दोन वर्षांपर्यंत सरकीत जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. पावसाळ्याच्या तोंडाला उकाडा आणि ओल मिळाली की ती कोषात जाते आणि पतंग बाहेर पडतो. त्या वेळी शेतात पाते-फुले असली तर वंश चालू राहतो. पाते नसतील तर पतंग थोडे दिवस भिरभिरतो आणि संततीवाचून मरतो. तिचे सगळे बळ कपाशीच्या वेळापत्रकाशी वेळ जुळवण्यात आहे आणि तिची दुबळी बाजूही तीच.

झोपेचे हे कसब तिला साता समुद्रापार घेऊन गेले. 1906-07 च्या सुमारास नीट न पिंजलेला, सरकी राहिलेला हिंदुस्थानी कापूस इजिप्तला गेला आणि सोबत झोपलेल्या अळ्या गेल्या. काही वर्षांतच नाईलच्या खोऱ्यातला जगप्रसिद्ध कापूस किडला. 1911 साली इजिप्तचे बियाणे मेक्सिकोला गेले, अळीही गेली. 1917 साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात हर्न या गावी ती सापडली, आणि कुठे सापडली म्हणाल, तर मेक्सिकोची सरकी गाळणाऱ्या तेलाच्या गिरणीजवळच्या रानात. पतंग काही समुद्र ओलांडून उडाला नाही. माणसानेच तिला गाठीत आणि पोत्यात बांधून पोहोचते केले.

टेक्सासमध्ये काय केले? फवाऱ्याची औषधे आजच्यासारखी नव्हतीच. सरकारने काही पट्ट्यांत कपाशी लावण्यावरच बंदी घातली, आणि पीक निघाल्यावर ठरल्या तारखेच्या आत पऱ्हाट्या मोडून गाडण्याचा कायदा केला. शेतकरी चिडले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण अळीच्या ताटाखालून पाटच काढून घेतल्यासारखे झाले.

आपल्याकडे याच काळात, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरची काही वर्षे, कोरडवाहू देशी कापूस होता. जमिनीतली ओल संपली की झाड संपायचे, उन्हाळ्यात रान मोकळे राहायचे. अळी होती, पण तिच्या वाट्याला उपासाचे महिने पुष्कळ होते. मग 1970 साली सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. त्याने उत्पन्न वाढले, यात वाद नाही. आपल्या मराठवाड्यातून नांदेड-44 आला, तोही शेतकऱ्याने डोक्यावर घेतला. परंतु संकरित कपाशी पाणी-खत मिळाले तर लांबत जाते, आणि जिथे विहीर आहे तिथे फरदड घ्यायची सवय लागली. डिसेंबरात संपणारे ताट मार्चपर्यंत वाढलेले राहू लागले. 1980 नंतर पायरेथ्रॉइड औषधे आली. त्यांनी शेंदरी अळी दबली खरी, पण हिरवी बोंडअळी त्या औषधांना निबर झाली. 1987 साली आंध्रात कपाशीचा जो घात झाला, त्याचे हे एक मोठे कारण होते.

या साऱ्याला कंटाळलेल्या शेतकऱ्यापुढे मार्च 2002 मध्ये बीटी कपाशी आली. बीटी हा मातीतला जिवाणू. जपानात 1901 साली रेशमाच्या किड्यांच्या रोगात आणि 1911 साली जर्मनीत थुरिंगिया भागातल्या पिठातल्या अळीत तो ओळखला गेला. त्याचे विष अळीच्या आतड्यात ठराविक जागी किल्लीसारखे बसते, तेव्हाच अळी मरते. हे विष तयार करणारा गुण कपाशीच्या झाडातच घातला. 2006 साली दुसऱ्या विषाची जोड दिलेले वाण आले. फवारण्या कमी झाल्या, आणि काही वर्षांत देशातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशीच्या रानावर तेच वाण दिसू लागले.

आता मघाचा मुद्दा आठवा, चार घरी जेवणारी आणि एकाच ताटावर जेवणारी. हिरव्या अळीला कपाशीतल्या तुरीच्या ओळी होत्या, शेजारचा हरभरा होता. तिथे बीटीचे विष नव्हते. तिथे वाढलेले साधे पतंग बीटीतून वाचलेल्या एखाद्या निबर पतंगाशी जुळायचे आणि निबरपणा पातळ व्हायचा, कारण हा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच पुरता उतरतो. शेंदरी अळीला दुसरे घरच नाही. तिच्यासाठी बीटीभोवती साध्या कपाशीच्या निदान पाच ओळी किंवा क्षेत्राच्या वीस टक्के, जे जास्त होईल ते, लावायला सांगितले होते. पिशवीसोबत मिळणारे 120 ग्रॅमचे ते छोटे पाकीट त्यासाठीच होते.

त्या पाकिटाचे काय झाले, हे आपण सर्वजण जाणतो. आमच्या घरीही ते पाकीट गोठ्याच्या वळचणीला खोचलेले असायचे. वडील म्हणत, "जाणूनबुजून अळीला खाऊ घालायची पाच तासं कोण लावतो?" मी तेव्हा कृषीचे शिक्षण घेत होतो. परीक्षेत रेफ्युजीवर पानभर उत्तर लिहिले आणि घरी येऊन वडिलांना एक शब्द सांगितला नाही. पुढे नोकरीत आल्यावरही सुरुवातीला आम्ही 'पाच ओळी लावा' एवढेच सांगत फिरलो. त्या ओळी का लावायच्या, हे सांगितले नाही. दोष शेतकऱ्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या संकरित बियाण्यात दडलेली होती. संकरित झाडाच्या बोंडातली प्रत्येक सरकी सारखी नसते. एका गुणाच्या हिशेबाने चारांतल्या तीन सरक्यांत विष उतरते, एकीत नाही. पाने खाणाऱ्या किडीला याचा फरक पडत नाही. पण ही अळी सरकीच खाते! एका बोंडात थोडे विष, थोडे साधे, असे चाखत चाखत ती सरावत गेली, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे.

2008 साली गुजरातेत अमरेलीच्या रानातून आणलेल्या अळ्या पहिल्या विषाला दाद देईनाशा झाल्या. 2014-15 पर्यंत गुजरातेत दुसरे विषही निकामी होऊ लागले. तिच्या आतड्यातली कुलपेच बदलली होती, किल्ली बसेना. आणि 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात जे झाले ते आपण भोगले आहे. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. त्या वर्षी एका काकांनी माझ्या हातात कवडी झालेले बोंड ठेवले आणि विचारले, "साहेब, आता याच्यावर काय मारू?" माझ्यापाशी त्या घटकेला उत्तर नव्हते. नोव्हेंबरात, बोंडात शिरलेल्या अळीवर, उत्तर नसतेच.

याच अळीचे अमेरिकेत काय झाले, तेही सांगायला हवे. तिथल्या ॲरिझोना राज्यात शेतकऱ्यांनी साधी कपाशी नेमाने लावली, त्यामुळे बीटी टिकली. 2006 पासून विमानांतून वांझ केलेले अब्जावधी पतंग सोडले, पऱ्हाट्या वेळेवर मोडल्या, आणि 2018 साली आपल्या कापूस पट्ट्यातून अळी हद्दपार झाल्याचे त्या देशाने जाहीर केले. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकरी संकरित कपाशीच्या दुसऱ्या पिढीचे स्वस्त बियाणे लावत. त्यात चारांत एक झाड बिनविषाचे निघायचे, आणि तेवढ्याने वाढू लागलेला निबरपणा मागे हटला. तिथे कोणी ठरवून काही केले नव्हते, पण अळीला साधे जेवण मिळत राहिले.

आपल्याकडे विमाने नाहीत. परंतु अळीचे वेळापत्रक मोडणे आपल्या हाती आहे. कपाशी डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीच्या सुरुवातीला आटोपा. फरदडीचे चार-दोन क्विंटल सोडा. तो कापूस कवडीच निघतो आणि भावही तसाच मिळतो. शेवटच्या वेचणीनंतर रानात शेळ्या-मेंढ्या बसवा, उरलेली हिरवी बोंडे त्या फस्त करतात. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर किंवा घरामागे रचू नका. सरपणासाठी रचलेल्या गंजीतल्या बोंडांत अळी सुखाने झोपते, हे चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या माझ्या बहिणींनीही घरात सांगावे. खानदेशात विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यात लागवड करण्याची घाई असते. जूनच्या पावसावर लावली तर आधी निघालेले पतंग पाते नसल्याने वाया जातात.

पाते लागताच एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, तर जागे व्हा. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा. बोंडे धरल्यावर दर आठवड्याला एकरातून वीस हिरवी बोंडे, रानात फिरून मिळतील तशी, तोडा आणि फोडून बघा. बाहेरून बघून कळणार नाही, फोडावीच लागतील. दोन बोंडांत अळी निघाली तर त्याच आठवड्यात कृषी सहायकाला ती बोंडे दाखवा आणि मगच औषध ठरवा. फवारताना तोंडाला फडके, हातात मोजे, आणि वाऱ्याच्या दिशेकडे पाठ ठेवा. सापळ्यातल्या पतंगांची तारीखवार नोंद वहीत लिहून ठेवलीत, तर पुढच्या जूनमध्ये लागवडीची तारीख ठरवायला तीच वही उपयोगी पडेल.