पापाचे वाटेकरी: व्हिएतनामहून परतलेल्यांच्या बैठका

युद्धाचा इतिहास आपण वाचतो तो बहुतेक लढायांचा आणि तहांचा. आज आपण घरी परतलेल्या सैनिकाकडे पाहणार आहोत. ज्याच्या हातून काहीतरी घडलं, किंवा ज्याच्या डोळ्यांदेखत घडलं, अशा सैनिकाकडे.

सप्टेंबर १९६९. बॉस्टनमधलं माजी सैनिकांचं सरकारी रुग्णालय. सारा हेली या सोशल वर्करचा कामाचा पहिलाच दिवस. एक तरुण येतो आणि सांगतो, व्हिएतनाममधल्या माय लाई गावात आमच्या तुकडीनं बायका-मुलांना गोळ्या घातल्या. मी गोळी झाडली नाही, पण हे कुठं बोललो तर माझेच सोबती मला मारतील. रुग्णालयातल्या बाकीच्या मंडळींनी निदान करूनही टाकलं: भास होताहेत, स्किझोफ्रेनिया आहे. हेलींना ते पटेना. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात लढलेले, त्यामुळे युद्धातलं क्रौर्य त्यांनी घरातच ऐकलेलं होतं. दोनच महिन्यांनी सेमूर हर्श या पत्रकारानं १६ मार्च १९६८ चं माय लाई हत्याकांड जगापुढे आणलं. तो तरुण खरं बोलत होता.

डॉक्टर दुष्ट होते असं नाही, बरं का. त्यांच्याकडे शब्दच नव्हता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत १९५२ साली प्रचंड ताणाच्या प्रतिक्रियेसाठी एक नाव होतं. १९६८ च्या आवृत्तीत ते गाळलं गेलं. म्हणजे ऐन युद्धाच्या भरात!

त्यात आणखी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धातले सैनिक बरेचसे एकत्र, बोटीनं, आठवडे-आठवडे प्रवास करत परतले. डेकवर बसून बोलायला वेळ मिळाला. व्हिएतनाममध्ये प्रत्येकाची मुदत वेगळी, साधारण वर्षभराची. मुदत संपली की माणूस एकटा विमानात बसायचा आणि दोन-तीन दिवसांत आईच्या स्वयंपाकघरात. तिथं काय बोलणार? घरचे म्हणायचे, झालं गेलं विसर. बाहेर कोणी खुनी म्हणायचं, कोणी हिरो. या तिन्ही बोलण्यांत ऐकणं कुठंच नव्हतं.

तर १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिकांच्या संघटनेनं रॉबर्ट लिफ्टन आणि हाइम शाटान या मानसतज्ज्ञांना बोलावलं. ‘रॅप ग्रुप’ सुरू झाले. इथं रॅप म्हणजे गाणं नव्हे. त्या काळच्या बोलीत मोकळ्या गप्पा. सैनिकांच्या अटी स्पष्ट होत्या. बैठक रुग्णालयात नाही, आमच्या जागेत. तुम्ही डॉक्टर म्हणून खुर्चीत बसायचं नाही, आमच्यात बसायचं, आणि तुम्हालाही प्रश्न विचारले जातील. आमच्या मते साऱ्या प्रकरणाचं मर्म या अटींत आहे. ज्यानं तसंच काही पाहिलंय, केलंय, तो समोर असला की दोन भीती एकदम जातात: हा माणूस दचकून उठून जाईल ही, आणि न ऐकताच क्षमा करून टाकेल ही. दुसरी भीती पहिलीहून मोठी असते.

आपल्याकडची वाल्या कोळ्याची गोष्ट आठवा. तो घरी जाऊन विचारतो, माझ्या पापात वाटेकरी कोण? सगळे हात झटकतात. या सैनिकांचा प्रश्न तोच होता, फक्त घराऐवजी देशाला विचारलेला. खोलीत बोलून ते थांबले नाहीत. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी १९७१ या तीन दिवसांत डेट्रॉइटमध्ये शंभरावर माजी सैनिकांनी जाहीरपणे सांगितलं, आम्ही काय केलं, काय पाहिलं. सुटका करून घेण्यासाठी नव्हे. हे एकट्यादुकट्या माथेफिरूचं काम नाही, धोरण कोणी आखलं तेही बघा, असं त्यांचं म्हणणं होतं. लिफ्टन यांनी अपराधभावाचे दोन प्रकार सांगितले: एक माणसाला जागीच खिळवून ठेवणारा, दुसरा काही करायला उठवणारा. पहिल्यातून दुसऱ्यात जाणं म्हणजे बरं होणं. डाग पुसला जात नाही.

पुढं १९७९ मध्ये अमेरिकन सरकारनं गावोगावी ‘व्हेट सेंटर’ काढली; मुद्दाम रुग्णालयाबाहेर, साध्या वस्तीत, दुकानाच्या गाळ्यात. १९८० मध्ये निदान-पुस्तिकेत पीटीएसडी आलं. मोठा विजयच तो. उपचार आणि भरपाईचा रस्ता त्यानं मोकळा झाला. पण किंमतही मोजावी लागली. सुरुवातीच्या निकषांत निदान आपण वाचलो आणि इतर मेले याची टोचणी, जगण्यासाठी जे केलं त्याची टोचणी, हे लक्षण होतं. १९८७ च्या आवृत्तीत तेही मुख्य यादीतून बाहेर गेलं. आघात सोसणारा पुस्तकात राहिला, आघात करणारा पुसट झाला.

आणि त्या खोल्यांत एक खुर्ची कायमच रिकामी होती, व्हिएतनामी माणसाची.

ह्यू थॉम्सन हा हेलिकॉप्टर पायलट. माय लाईत त्यानं आपल्याच सैनिकांना अडवून काही गावकऱ्यांना वाचवलं होतं. १९९८ मध्ये, तीस वर्षांनी, तो परत तिथं गेला. त्यानं पुढं सांगितलेली हकीकत अशी: वाचलेल्यांपैकी एका बाईनं त्याला विचारलं, ज्यांनी हे केलं ते का नाही आले तुमच्याबरोबर? तो कोसळलाच. मग तिनं वाक्य पुरं केलं. आले असते तर आम्हाला त्यांना क्षमा करता आली असती.